पूर्वेकडच्या दोन काचा

"त्या पोरीला तमिळ येत नाही. तू बोल बिनधास्त."

मेस्त्री आपल्या मेव्हण्याला हे म्हणाले तेव्हा मी त्यांच्यापासून चार फुटांवर, गच्चीच्या दारात, पाण्याचे दोन पेले घेऊन उभी होते. वाक्य तमिळमध्ये होतं आणि मला ते पुरतं कळलं. कळणारच. माझा जन्म इथला, चेन्नईतल्या वेस्ट मांबलमचा. शाळेत माझी दुसरी भाषा तमिळ होती. रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी, लिफ्टमधल्या मामींशी मी तमिळच बोलते, म्हणजे बोलावंच लागलं तर. तेव्हा त्या क्षणी मला फक्त "येतं की, अण्णा," एवढं म्हणायचं होतं.

मी पेले कठड्यावर ठेवले, ओठ मिटूनच हसले आणि आत निघून आले.

आत डायनिंग टेबलाशी बसून मी ते वाक्य मनात नीट जुळवलं. जुळवेपर्यंत पाच मिनिटं गेली. पाच मिनिटांनी बाहेर जाऊन "मघाशी तुम्ही जे म्हणालात ना, ते तसं नाहीये" असं सांगणं मला जमणारं नव्हतं. जेवणानंतर सांगू, असं ठरवलं. पण जेवणापर्यंत त्या दोघांनी माझ्यासमोर घरचं इतकं काही बोलून टाकलं होतं, की आता तोंड उघडणं म्हणजे त्यांची डायरी चोरून वाचली अशी कबुली देणं झालं असतं. अशा रीतीने मी तीन आठवडे माझ्याच घरात, माझ्याच गावची भाषा न येणारी पाहुणी होऊन राहिले.

काम गच्चीचं होतं. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, आणि हॉलला लागून बारा बाय आठची उघडी गच्ची. तिथे कपडे वाळायचे, कढीपत्त्याची कुंडी होती आणि बाबांची व्यायामाची सायकल गंजत पडली होती. थंड देशात राहणाऱ्या काकांनी एकदा व्हिडिओ कॉलवर त्यांची काचेची खोली दाखवली. बाहेर बर्फ, आत काका वेताच्या खुर्चीत, हातात चहा. "याला सनरूम म्हणतात," काका म्हणाले. बाबांनी फोन ठेवला आणि मापाची टेप घेऊन थेट गच्चीत गेले.

हे चेन्नईत. जिथे माणसं सावलीसाठी रस्त्याची बाजू बदलून चालतात आणि एप्रिलमध्ये नळाचं थंड पाणी गरम येतं, त्या गावात.

पण मी हसले नाही, कारण टेप गुंडाळताना बाबा म्हणाले, "ही खोली तुझी. ऑफिस कर इथे." माझ्याकडे बघून नाही, टेपकडे बघून म्हणाले. आम्ही असेच बोलतो. मी सव्वीस वर्षांची आहे आणि मला आजवर दार असलेली खोली मिळालेली नाही. मी हॉलमधल्या दिवाणावर झोपते आणि डायनिंग टेबलावर नोकरी करते. परदेशातली माणसं माझ्याशी कॉलवर बोलत असतात आणि मागे कुकरच्या शिट्ट्या होत असतात. त्यांना वाटतं, मी रेल्वे स्टेशनजवळ राहते. ते खरंही आहे. तर, बाबांनी "तुझी" म्हटल्यावर मला इतका आनंद झाला, की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच फ्रिज उघडून त्याच्यासमोर उभी राहिले.

बाबा गावाबाहेरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटीमध्ये होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण क्वालिटीतून बाहेर आले नाहीत. तयार झालेली गाडी फवाऱ्यांखाली उभी करायची, आत टॉर्च घेऊन एक माणूस बसवायचा आणि थेंबभर जरी पाणी आत आलं तरी गाडी परत पाठवायची, हे त्यांचं काम. आजही लग्नाला गेलो की ते नवरदेवाच्या गाडीच्या दाराचं रबर बोटाने दाबून बघतात. त्यामुळे काचेच्या खोलीच्या कागदावर, सगळ्या मापांच्या वर, त्यांनी लाल पेनने एकच ओळ लिहिली होती: गळती शून्य. त्यासाठी सगळ्या काचा कायमच्या बसवलेल्या, सिलिकॉनने बंद. उघडणारी एकही नाही.

मेस्त्री पन्नाशीपुढचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मदतीला त्यांच्या बायकोचा भाऊ. त्याला ते "मच्चान" म्हणायचे आणि तो त्यांना "मामा", कारण इकडे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मी दिवसभर कानात हेडफोन घालून हळू आवाजात इंग्रजी बोलते आणि बाबांशी मराठीत, हे पाहून त्यांनी आम्हाला मुंबईची माणसं ठरवून टाकलं होतं. आई सकाळी बँकेत जायची ती ते गेल्यावरच परत यायची. आणि बाबांना दुभाषी चालत नाही. त्यांचा स्वतःच्या तमिळवर फार विश्वास.

बाबांचं तमिळ कारखान्यातलं आहे. त्यात काळ नाही, लिंग नाही, फक्त आज्ञा आहेत. "काच. घट्ट. भोक नाही. पाऊस येतो, पाणी येत नाही. ओके?"

"ओके सार," मेस्त्री नम्रपणे म्हणायचे. बाबा वळले की मच्चानला म्हणायचे, "सारचं तमिळ ऐकलं की मला माझा नातू आठवतो. तोही असंच बोलतो. दीड वर्षाचा आहे."

मला हसू फुटलं. मी घाईने लॅपटॉपकडे बघत "गुड वन, गुड वन," म्हणाले. त्या वेळी माझा कुठलाही कॉल चालू नव्हता.

मी बंद लॅपटॉपशीही बोलायला शिकले. एकदा मेस्त्री मच्चानला म्हणाले, "पल्लीकडून केरसुणी मागून घे." पल्ली म्हणजे पाल. ती मी. दाराच्या कोपऱ्यात गप्प उभी असते आणि बघितलं की सटकते, म्हणून. अर्धा तास मला राग आला, मग वाटलं, वर्णन चोख आहे. मच्चान आत आला आणि केरसुणीचा अभिनय करू लागला, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी, तोंडाने फरफर आवाज काढत. लगेच केरसुणी आणली तर संशय येईल, म्हणून मी विचार केल्यासारखं केलं आणि छत्री आणली. त्याने कपाळाला हात लावला आणि पुन्हा वाकला. दुसऱ्यांदा मी पोछा आणला. तिसऱ्यांदा केरसुणी आणली तेव्हा दोघांनी मिळून टाळ्या वाजवल्या आणि मेस्त्री म्हणाले, "हुशार आहे पोरगी. शिकवलं तर शिकेल."

मला हे सगळं इतकं आवडायला लागलं होतं, की मी ऑफिसच्या मीटिंगा त्यांच्या जेवणाच्या वेळा टाळून ठेवू लागले. कारण जेवताना मच्चानची गोष्ट पुढे सरकायची. तो चेन्नईजवळच्या कोवलमचा. तिथल्या एका लग्नात त्याने थोरल्या वहिनीच्या हातच्या माशाच्या कालवणाची सगळ्यांसमोर तारीफ केली, दोनदा. त्या दिवसापासून त्याच्या डब्यात नुसता दहीभात येत होता. लोणचंसुद्धा नाही.

"बायकोच्या साडीची तारीफ कर," मेस्त्रींनी सल्ला दिला.

दुसऱ्या दिवशी मी कान टवकारून बसले.

"केली, मामा. म्हणाली, ही साडी मी लग्नातही नेसले होते, तेव्हा तुमचं लक्ष कुठे होतं? कालवणात?"

डबा उघडला. दहीभात.

आई संध्याकाळी दारातूनच, पर्स खांद्यावर असतानाच विचारायची, "आज डब्यात काय?"

"दहीभात."

"अगंबाई. अजून? आणि साडीचं काय झालं?"

मी तिला सगळं सांगायचे, आवाज काढून, हातवारे करून. ऑफिसात मला कोणी असं बघितलं तर ओळखणार नाही. आई सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन ऐकायची आणि मच्चानच्या बायकोची बाजू घ्यायची. "दोनदा तारीफ म्हणजे काय! एकदा समजू शकते."

दहाव्या दिवशी मच्चानने झाकण उघडलं आणि सगळ्या घरात चिंचेच्या कालवणाचा वास पसरला. आमच्या इमारतीत शेंगांच्या सांबारापलीकडचा वास सहसा येत नाही. आतल्या खोलीतून बाबा नाक वर करून आले आणि त्यांच्या आयुष्यातला पहिला निर्दोष तमिळ शब्द बोलले: "वंजरम?" म्हणजे सुरमई. मच्चानने आनंदाने एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. मी बाथरूममध्ये जाऊन आईला बँकेत फोन लावला. "आई, कालवण आलं!" काउंटरवर बसलेली माझी आई ओरडली, "अय्या! माफ केलं तिनं?" आणि मग कोणा गिऱ्हाईकाला म्हणाली, "सॉरी सर. फॅमिली मॅटर."

पण याच जेवणांमध्ये मी दुसरंही एक ऐकत होते, आणि ते मी आईला चार दिवस सांगितलं नाही.

"मामा, या खोलीला एक फट नाही," मच्चान म्हणाला होता. "वर दुधी पत्रा, तिन्ही बाजूंना काच. आत बसणार कोण?"

"इडल्या," मेस्त्री म्हणाले. "खोली कसली, इडलीपात्र आहे. सकाळी नऊनंतर आत कोणी बसलं तर वाफवून निघेल. मी सारला दोनदा सांगून बघितलं. हा माणूस फक्त पाण्याला घाबरतो."

"मग आता?"

"पूर्वेच्या चौकटी मी सरकत्या काचेच्याच घातल्यात. समुद्राचा वारा दुपारी तिकडूनच येतो. सार हो म्हणाले तर तासाभराचं काम. एकदा सिलिकॉन भरलं की संपलं, मग काच फोडूनच काढावी लागेल."

"कोणासाठी करतायत हे?"

मेस्त्रींनी मानेनेच माझ्याकडे खूण केली. "पल्लीसाठी. बिचारी."

मी बंद लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं.

त्या रविवारी मी बाबांना विचारून पाहिलं. म्हटलं, "बाबा, एक-दोन काचा उघडणाऱ्या नकोत का? वाऱ्याला."

"सरकती काच म्हणजे गळती काच," बाबा म्हणाले. ते लेव्हलच्या नळीतला बुडबुडा बघत होते. "का? कोणी काही बोललं का? मेस्त्री तुझ्याशी बोलला?"

बोलला म्हटलं असतं तर बाबा त्याच पावली मेस्त्रींना विचारायला गेले असते, आणि माझं इतक्या दिवसांचं सोंग सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं. "नाही," मी म्हणाले. "सहज." आणि पंखा असेल, आत पंखा असेल, असं स्वतःला समजावत राहिले.

आईला मात्र शेवटी सांगितलं. तिने पर्स खांद्यावरून उतरवून ठेवली. मग म्हणाली, "मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मी खुसपट काढतेय. आमचं तीस वर्षं तेच चाललंय. तुझी खोली आहे. तूच सांग."

"मला नाही जमणार."

"छत्री आणायला बरं जमलं," आई म्हणाली.

सिलिकॉनच्या आदल्या दिवशी बाबांनी फवाऱ्याची चाचणी घेतली. सील करण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही नोंदवायचं असतं म्हणे. त्यांनी बागेचा पाइप वरच्या टाकीला जोडला, पाइपाचं तोंड मच्चानच्या हातात दिलं आणि मला टॉर्च आणि खडू देऊन आत बसवलं. जिथे थेंब येईल तिथे खूण करायची. "स्टार्ट!" बाबा ओरडले. पहिल्याच झटक्याला पाइप मच्चानच्या हातातून सुटला, सापासारखा उभा राहिला आणि मेस्त्रींच्या चष्म्यावर, बाबांच्या कागदावर, खालच्या मजल्यावरच्या मामींच्या वाळत घातलेल्या वडामांवर, म्हणजे तांदळाच्या पापड्यांवर, मनसोक्त फिरला. मामी खालून ओरडल्या. बाबांनी वरून ओरडून सांगितलं, "पाणी! गाडी टेस्ट!" मामींना वाटलं, आमच्या गच्चीत गाडी आहे. मी आत खडू धरून बसले होते. भिंती, काचा, जमीन, सगळीकडून पाणी येत होतं, कुठे कुठे खूण करणार? मी हसत सुटले. आवाज काढून, पोट धरून. काचेबाहेर मच्चान पाइपाला मिठी मारून बसला होता, तोही हसत होता, मेस्त्रीही, आणि भिजलेले बाबाही. चौघांनी मिळून कधी हसावं अशी आमची ओळख नव्हती.

मग पाणी बंद झालं आणि ऊन आलं. दार लोटलेलं होतं. पाचच मिनिटांत काचांवर आतून वाफ धरली. माझा चष्मा पांढरा झाला, कुडता पाठीला चिकटला, आणि ओल्या जमिनीतून उकडलेल्या भातासारखी गरमी वर आली. घड्याळात सव्वानऊ वाजले होते. मी बाहेर आले तेव्हा मला आनंदानेच हसत राहायचं होतं, पण मला कळलं होतं की मेस्त्री खरं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्रींनी सिलिकॉनची गन भरली. बाबा नवा, कोरडा कागद घेऊन उभे. उत्तरेची काच झाली, दक्षिणेच्या झाल्या. मी दारात, नेहमीच्या कोपऱ्यात. मेस्त्री पूर्वेच्या पहिल्या काचेपाशी आले, थांबले, आणि त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. बाबांना कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करून: "सार. वारा. इथून. वारा येतो." आणि गाल फुगवून फुंकर मारून दाखवली.

बाबा दचकले. "वारा येतो? वारा नको! वारा येतो तर पाणी येतं! पॅक करा, पॅक!"

मेस्त्रींनी खांदे उडवले. मच्चानला म्हणाले, "भरतो रे. मी माझ्याकडून सांगितलं." गनचं टोक चौकटीला टेकलं आणि पांढरं सिलिकॉन गोगलगायीसारखं बाहेर येऊ लागलं.

"अण्णा, थांबा," मी तमिळमध्ये म्हणाले. "तिथे भरू नका. या दोन्ही सरकत्याच हव्यात, तुम्ही चौकटी त्यासाठीच घातल्यात ना?"

गन थांबली. मच्चानच्या हातातलं फडकं खाली पडलं. मेस्त्रींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला पहिल्यांदा बघत असल्यासारखं बघितलं.

"पाप्पा," ते म्हणाले, इकडे लहान मुलीला म्हणतात तसं, "तुला तमिळ येतं?"

"येतं, अण्णा."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

मच्चान भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावरून दहीभात, साडी, नातू, पल्ली, सगळं एकामागून एक जाताना मला दिसलं. "मामा," तो घुसमटलेल्या आवाजात म्हणाला, "हिला कालवणाचंही माहीत आहे." मेस्त्री आधी लाल झाले, मग खांदे हलवत हसायला लागले, आणि हसता हसता म्हणाले, "छत्री! अरे, हिने छत्री आणली होती!"

माझे कान तापले होते. पण मला वाटत होतं तसं काही झालं नाही. कोणी रागावलं नाही, जमीन दुभंगली नाही.

बाबांना मात्र यातलं अर्धंच कळलं होतं. "हिचा जन्म मांबलमचा!" त्यांनी मेस्त्रींना अभिमानाने, मराठीतच सांगितलं. मग कागदावरचा लाल पेनचा हात तसाच धरून माझ्याकडे वळले. "काय सांगितलंस तू त्यांना? काम का थांबलं?"

तमिळमध्ये बोलणं सोपं होतं, हे मला तेव्हा समजलं. अवघड हे होतं. मी आजवर बाबांच्या मापाला कधी चूक म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी तीन आठवडे उन्हात उभं राहून घेतलेल्या मापाला तर नाहीच. ते माझ्याकडे बघत होते, या वेळी टेपकडे नाही. मेस्त्री गन वर धरून थांबले होते आणि टोकाशी सिलिकॉनचा एक थेंब फुगत होता.

"बाबा, पूर्वेच्या दोन्ही काचा उघडणाऱ्या हव्यात. मला आत बसायचंय. बंद केल्या तर मला नाही बसता येणार," मी म्हणाले. "पाणी आलं तर येऊ दे थोडं. मी पुसेन."